हेमाचे कोळी कुणी बिघडवले

गुन्हेगारी जगत आपल्या नावानं चळचळा कापतं, असं व्यंकटराव स्वतःच सांगत. गुन्हेगारी जगताकडून तशी तक्रार कधी आली नव्हती. "परभणीत गुन्हे कमी का? मी इथं राहतो म्हणून." एसटीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी सोडवलेलं सर्वात मोठं प्रकरण शेजाऱ्यांच्या चपलांचं. त्या त्यांच्याच पायात निघाल्या.

कॉलेजच्या प्रयोगशाळेचं छत गळायला लागलं, म्हणून भाची हेमानं आपलं संशोधन याच मामाच्या माडीवर हलवलं होतं.

ट्रेमध्ये पाणी, पाण्यात घेवड्याच्या पानांची बेटं. प्रत्येक बेटावर पीक खाणारे, टाचणीच्या टोकाएवढे लाल कोळी आणि त्यांना खाणारे शिकारी कोळी. पोहता कुणालाच येत नाही. शिकारी अधाशी असले की त्यांच्या बेटावरचं भक्ष्य संपे, मग तेही उपाशी मरत. बेतानं खाणारे टिकत, आणि रिकामी बेटं हेमा त्यांच्याच पिल्लांनी वसवी. उन्हाळ्यापासून पिढ्या उलटल्या आणि बेतानं खाणाऱ्यांचं राज्य आलं. अधूनमधून एखादा अधाशी निपजे, पण आपल्या बेटासकट संपे. प्रबंध यावरच उभा होता. तो पडला तर वर्ष वाया. आणि गंगाखेडला वडील स्थळं काढून तयारच होते.

दसरा करून हेमा आठवड्यानं परतली, तेव्हा टेबलावरच्या एकाही बेटावर भक्ष्य उरलं नव्हतं.

"आत येऊ नकोस," मामा दारातच म्हणाले. "घटनास्थळ आहे. मी झाडूनपुसून ठेवलंय."

"झाडलंत कशाला?"

"पुरावा स्वच्छ असावा. मला विषाचा संशय होता. पाणी चाखून पाहिलं. विष नाही."

"त्यात पानं कुजलीयत, मामा."

"तरीच. मग तो तुझ्याबरोबरचा धम्मपाल. प्रतिस्पर्धी."

"तो सेलूला होता. त्याचं लग्न होतं."

"लग्नात नवरदेवाकडं कोण बघतं?" मामांनी भिंग पुसलं. "नाहीतर मग संगत. तुझे कोळी वाईट संगतीला लागले."

"संगत कशी लागेल? मधे पाणी आहे."

तेवढ्यात बायनाबाई मामी चहा घेऊन आल्या. "काय शोधायलेत हे?"

"एका बेटावरनं दुसऱ्या बेटावर कोण गेलं ते," हेमा म्हणाली.

"मी तर खंडेनवमीला नीट पूजा केली बाई. यांच्या भिंगाला एक हार, अन् तुझ्या ताटांना एक लय लांब, ह्या टोकापास्नं त्या टोकापर्यंत. तुझं हत्यार हेच की."

हेमा हळूच खुर्चीत बसली. "हार पानांवर टेकला होता?"

"टेकवलाच की. न्हाईतर भिजला असता."

म्हणजे झेंडूचा पूल. अधाशांनी आपलं बेट संपवलं आणि फुलांवरून पुढच्यावर गेले. तिथल्यांनी उद्यासाठी राखलेलं पाहुण्यांनी उडवलं. अधाशीपणाची शिक्षा बंद झाली, आणि बेतानं खाण्याचा फायदाही.

"हार कुठाय?"

"निर्माल्यात. यांनीच टाकला."

"देवाच्या वस्तूवर मी संशय घेत नाही," मामा म्हणाले.

टेबलावर मावला नाही म्हणून एक ट्रे कपाटावर होता. तिकडं बघायचा हेमाला धीर होईना. "मामी, वरच्यालाही हार घातला?"

"हात पुरला न्हाई, पोरी. तेवढी पूजा राह्यली."

हेमा स्टुलावर चढली. मामांच्या हातातलं भिंग तिनं न विचारताच घेतलं. पान हिरवं होतं. एक शिकारी कोळी एका लाल कोळ्याला सावकाश खात होता. बाजूचे चार त्यानं तसेच ठेवले होते. तिनं कितीतरी वेळ भिंग हलवलं नाही.

"प्रकरण निकाली," मामा खालून म्हणाले. "संगतच."

मामी कुंकवाचा करंडा घेऊन आल्या. "राह्यलेली पूजा उरकून घेऊ."

"घ्या," ट्रे छातीशी धरून हेमा म्हणाली, "पण कपाटाची."