पान चौऱ्याऐंशीपाशी सावध

आमच्या शेजारचे भोयरकाका पुस्तक वाचायला बसण्याआधी खिसे रिकामे करतात. मोबाइल, किल्ल्या, तंबाखूची डबी, सगळं दाराजवळच्या स्टीलच्या ताटलीत. पुलगावला दारूगोळ्याच्या डेपोत त्यांची उभी हयात गेली. तिथे फाटकावर झडती दिल्याशिवाय कोणाला आत सोडत नसत. रिटायर होऊन ते आमच्या नालवाडीत घर बांधून राहिले, पण झडतीची सवय काही सुटली नाही. "पुस्तकात कोणं काय भरून ठेवलं हाय, आपल्याले काय मालूम?" असं म्हणत ते पहिलं पान उघडतात, तेसुद्धा जपून.

वाचनाचं वेड लहानपणापासूनचं. पुण्याच्या मुलीने, मीनलने, मोबाइल घेऊन दिला आणि काका इंटरनेटवर पुस्तकांची परीक्षणं लिहायला लागले. भाषाशैली, आशय वगैरे भानगडीत ते पडत नाहीत. ते धोका सांगतात. "कादंबरी चांगली. सुरुवातीलाच आजोबा जातात, पण झोपेत जातात. बीपीवाल्यांनी घाबरू नये." किंवा, "तिसऱ्या कथेत विहीर आहे. दिवसाउजेडी वाचावी." आणि प्रत्येक परीक्षणाच्या शेवटी डेपोतल्या खोक्यांवरची सूचना: "हळू उचला, आपटू नका."

वाचकांना हे फार आवडतं. लेखकांना मुळीच आवडत नाही, आणि काका लेखकांना भयंकर भितात. परीक्षण टाकलं की फाटकाला कुलूप. गल्लीत मोटारसायकल थांबली की भिंतीवरून मला हाक, "वैशाली, पाह्य बरं, लेखक तं नाई?" लेखक नसतो, गॅस सिलिंडरवाला असतो.

"अहो, जन्मभर बॉम्ब हाताळले तुम्ही," मी म्हणायची.

"बॉम्बावर लिहून राह्यते बाई, आत काय हाय ते. माणसावर थोडी लिहून राह्यते!"

"मग लिहिता काऊन?"

यावर ते नुसते मोबाइलकडे बघत बसत. परीक्षणाखाली मीनलचा लाइकचा अंगठा उमटला की मगच उठून जेवायला जात. लेकीच्या शाबासकीची हौस, असं मला वाटायचं.

मागच्या महिन्यात काकांनी समुद्रपूरच्या कोल्हेसरांच्या कादंबरीवर लिहिलं, "पान चौऱ्याऐंशीपाशी सावध. लहान बाळ आहे. नाजूक मनाच्या माणसांनी तिथून सरळ पुढे जावं." दुसऱ्याच दिवशी खाली सरांचं उत्तर आलं, "माझ्या कादंबरीचा प्राण तुम्ही चव्हाट्यावर मांडलात. रविवारी येतो. समोरासमोर बोलू."

काकांचं अन्नपाणी सुटलं. त्यात भर म्हणजे या वेळी मीनलचा अंगठाही आला नव्हता. दिवसातून दहादा ते ताटलीतला मोबाइल बघायला जायचे आणि पडेल चेहऱ्याने परत यायचे. रविवारी त्यांनी मला बोलावून घेतलं. "तू मास्तरीण हायेस. तुह्यासमोर तो हात नाई उचलणार."

कोल्हेसर एसटीने आले. किडकिडीत, घामाघूम, काकांपेक्षा दोन बोटं बुटकेच. तरी त्यांना बघून काकांनी खिसे रिकामे केले. सरांनी कादंबरी टेबलावर आदळली.

"आपटू नका हो!" काका ओरडले. जुनी सवय.

"त्या पानापाशी मी किती रडलो तुम्हाले मालूम हाय?" सरांचा आवाज चिरकला. "आन् तुम्ही तिथं सावधची पाटी लावता? काऊन?"

 उत्तर दिलं काकूंनी, स्वयंपाकघराच्या दारातून.

"आमच्या मीनूचं बाळ गेलं, भाऊ. जल्मलं अन् दोन दिसात गेलं. तवापासून पोरगी कोणाशी बोलत नाई. आमचा फोन उचलत नाई. नुसते पुस्तकं वाचत राह्यते. म्हणून हे आंधी वाचतात, तिच्या हातात काई फुटू नाई म्हणून. तिचा अंगठा आला का समजाचं, पोरगी बरी हाय."

 आठवडा झाला होता अंगठा न येऊन.

 सरांनी कादंबरी उचलली, या वेळी हळू. "भोयरसाहेब, पूर्ण वाचली का तुम्ही?"

"चौऱ्याऐंशीच्या पुढं... नाई झालं. भेव वाटलं." उभ्या जन्मात काकांनी माल न तपासता सोडला होता तो एवढाच.

"एकशे दहाव्या पानावर पाळणा हाय," सर म्हणाले. "माय तो विकाले काढते."

काकांचा चेहरा पांढराफटक पडला. सरांनी घाईघाईने स्वतःचा मोबाइल काढला आणि त्याच परीक्षणाखाली लिहिलं, "पान एकशे दहापाशीही सावध. माझंच चुकलं, आधी सांगायला हवं होतं. लेखक."

"पण तिनं वाचलं असन तं?" काकांनी विचारलं.  काकूंनी आणलेल्या चहावर साय धरली. मला तिथून उठून पळून जावंसं वाटत होतं.

तेवढ्यात ताटली थरथरायला लागली. मोबाइल वाजत होता, आणि त्यावर मीनलचं नाव होतं. इतक्या दिवसांत तिने स्वतःहून कधी फोन केला नव्हता. काकांचा हात पुढे जाईना.

"हळू उचला," काकू म्हणाल्या.

काकांनी दोन्ही हातांनी उचलला, स्पीकर लावला. पलीकडून आधी नुसता श्वास ऐकू आला, मग रडणं, आणि मग तिचा आवाज. "बाबा, वाचलं मी. चौऱ्याऐंशी वाचलं, एकशे दहाही वाचलं. अंगठा द्यायला गेले, पण बोलावंसं वाटलं." मग तिनेच विचारलं, "तुम्ही घाबरलात का?"

"नाई गं माय," काका म्हणाले. कोल्हेसरांनी त्यांचा कोपर घट्ट धरून ठेवला होता.