पान अकरावरचा छापा

"मी म्हणजे या शहरातलं सर्वांत वजनदार डोकं," अशी तराजूराव स्वतःची ओळख करून देत, आणि समोरच्याला ते पटायला वेळ मिळावा म्हणून जरा थांबत. मग आवाज खाली आणून सांगत, "कित्येक गुन्हे तर नुसत्या माझ्या धाकाने घडतच नाहीत." हे विधान खोडून काढणं अवघड होतं, कारण गुप्तहेरी सुरू केल्यापासून दोन वर्षांत त्यांच्याकडे खरोखरच एकही गुन्हा आला नव्हता.

नोकरीत ते वजनमापांचे निरीक्षक होते. चौतीस वर्षं दुकानांतले खोटे तराजू पकडून झाल्यावर निवृत्तीनंतर माणसं तोलायला घ्यावीत, असं त्यांना वाटलं. जुना स्प्रिंगचा काटा अजून त्यांच्या खिशात असे, आणि पुराव्याला किती वजन द्यायचं हे ते त्या काट्यावर ठरवत.

त्यांचे साहाय्यक म्हणजे शेजारच्या घरातले निवृत्त मुद्रितशोधक. छापखान्यातून आलेली कच्ची पानं वाचायची, चुकलेली वेलांटी, पडलेला काना लाल पेन्सिलीने दुरुस्त करायचा आणि सगळं बिनचूक झालं की शेवटच्या पानाखाली ‘छापा’ असं लिहून सही करायची, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. तराजूरावांच्या कार्डावर ‘गुप्तहेर’चं ‘गुप्त आहेर’ झालं होतं, ते त्यांनीच पकडलं. तराजूराव खूश झाले. म्हणाले, तुम्ही मुद्रितशोधक आहातच, त्यातलं मुद्रित काढून टाका की झालात शोधक. शोधकांना नाही म्हणायचं होतं. पण नाही कसं म्हणावं याचा ते विचार करत राहिले आणि तेवढ्यात दोन वर्षं गेली.

बुधवारी सकाळी मात्र शोधक आपणहून तराजूरावांच्या दारात उभे राहिले. हातात शब्दकोश होता, शब्दकोशात एक चिठ्ठी होती आणि चेहऱ्यावर रंग नव्हता. चिठ्ठी त्यांच्या बायकोच्या हातची होती. तराजूराव तिला वहिनी म्हणत, तेव्हा आपणही वहिनीच म्हणू. चिठ्ठीत लिहिलं होतं:

‘बुटीक, दोन रात्री. खोली नदीकडची. फाइन शनिवारी आठला, खिडकीजवळ. दोघं. दुसरं कोण? शुक्रवारपर्यंत ठरवायचं.’

‘नदी’ची दी वहिनींनी ऱ्हस्व काढली होती. शोधकांनी ती आधी लाल पेन्सिलीने दीर्घ केली होती आणि मगच ते तराजूरावांकडे निघाले होते.

लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली होती. लग्नानंतर दोघं दोन दिवसांसाठी एका मोठ्या शहरात गेले होते, तेव्हा शोधकांनी बरोबर मधमाशीपालनावरच्या ग्रंथाची तीनशे पानं तपासायला नेली होती. वहिनी दोन्ही दिवस हॉटेलच्या खिडकीत बसून समोरची भिंत बघत होत्या. परतताना शोधक म्हणाले होते, पुन्हा एकदा येऊ, नीट येऊ. ते ‘पुन्हा’ अजून उगवलं नव्हतं. दुसरं कोण, या प्रश्नावर वहिनींनी आपल्याखेरीज कुणाचाही विचार केला, तर त्यात नवल काय, असं शोधकांना मनापासून वाटत होतं. फक्त ते कुणी दुसऱ्याने सांगू नये एवढीच इच्छा होती.

"वहिनी जाणार," तराजूराव म्हणाले.

"जाणार?"

"आत जाणार. गजांच्या." त्यांनी चिठ्ठी काट्याला अडकवली. काटा हलला नाही. पुरावा हलका आहे, पण हलक्यात घेण्यासारखा नाही, असं ते म्हणाले. फाइन म्हणजे दंड. चौतीस वर्षं त्यांनी दुसरं काय केलं होतं? दंड भरायला खिडकी असते, म्हणून खिडकीजवळ. त्याआधी दोन रात्री नदीकडच्या खोलीत, म्हणजे कोठडीत. आरोपी दोघं. त्यातला दुसरा अजून ठरायचा आहे, यावरून गुन्हा व्हायचा आहे हे उघड होतं. "गुन्ह्याआधी दंडाची तयारी," ते कौतुकाने म्हणाले, "अशी शिस्त मी उभ्या नोकरीत पाहिली नाही."

वहिनी चाळीस वर्षं शाळेत भूगोल शिकवत होत्या आणि रस्ता फक्त पट्ट्यांवरूनच ओलांडत, हे शोधकांनी हळूच सुचवून पाहिलं. तराजूराव म्हणाले, तेच तर.

राहिलं बुटीक. ते दोन गल्ल्या सोडून होतं. पाटीवर ‘बुटीक’ आणि खाली बारीक अक्षरात ‘लेडीज टेलर’. गुरुवारी दुपारी दोघं तिथे पोहोचले. टेलर मशीनवर वाकलेला होता, गळ्यात टेप, दातांत दोन टाचण्या. तराजूरावांनी कार्ड पुढे केलं आणि दोन रात्रींचा काय प्रकार आहे ते निमूट सांगून टाकायला सांगितलं.

टेलरने टाचण्या काढल्या. "दोन रात्री कशाला? अस्तर लावायला एक दुपार पुरते."

"नदीकडची खोली कुठेय?"

"साहेब, मागे मोरी आहे. तिलाही खिडकी नाही."

मग वहिनींचं नाव निघालं तसा टेलर मोकळा झाला. बाईंनी निळा ड्रेस टाकलाय, शनिवारी सकाळी हवाय, कुठेशी जायचंय म्हणत होत्या. निळा त्यांना शोभेल, असं त्यानेच सुचवलं होतं. शोधकांनी आपण वहिनींना शेवटचा रंग कधी सुचवला होता ते आठवून पाहिलं. दारं-खिडक्या रंगवताना वहिनींनी विचारलं होतं, तेव्हा ते ‘बघ तुला काय वाटतं ते’ म्हणाले होते.

तराजूरावांनी त्यांना कोपराने ढोसलं. ज्याला मापं ठाऊक, त्याला मन ठाऊक, असा त्यांचा नवा सिद्धांत तयार झाला होता आणि तो त्यांनी टेलरच्या देखत मांडला. टेलर म्हणाला, त्याला तीनशे बायकांची मापं ठाऊक आहेत आणि घरी जी आहे, तिचं मन सव्वीस वर्षांत कळलेलं नाही. यावर दुकानात तिन्ही माना एकदम हलल्या. तिघंही लग्न झालेले होते.

जाता जाता सवयीने तराजूरावांनी टेप ओढून आपल्या पोलादी पट्टीवर ताणून पाहिला. वापरून वापरून तो दोन सेंटिमीटर वाढला होता. या प्रकरणात उघडकीला आलेला हा एकमेव गैरप्रकार. टेलरला ताकीद देऊन सोडण्यात आलं.

शुक्रवार उजाडला. शोधकांना धड झोप नव्हती. नाश्त्याच्या वेळी, वहिनींना सरळ विचारावं, असं वाटून त्यांनी तोंड उघडलं आणि मीठ मागितलं. वहिनींनी मीठ दिलं. मग त्यांच्याकडे बराच वेळ बघत त्या म्हणाल्या, "आज शुक्रवार."

"हो," शोधक म्हणाले. "काल गुरुवार होता."

वहिनी उठून आत गेल्या.

संध्याकाळी पाच वाजता तराजूरावांनी शोधकांच्या बैठकीच्या खोलीत सगळ्या संबंधितांना गोळा केलं. संबंधित दोघंच होते, त्यामुळे जास्तीच्या खुर्च्या त्यांनी परत ठेवायला लावल्या. रहस्य, ते म्हणाले, चिठ्ठीत नाही, ती ज्या पानावर होती त्या पानात आहे. त्यांनी शब्दकोश उघडला. छोटा कोश, बारीक टाइप, ‘सवत’पासून ‘सहस्र’पर्यंतचं पान. त्यांनी ‘सवत’वर बोट ठेवलं.

"नवऱ्याच्या दुसऱ्या बायकोला शब्द आहे. बायकोच्या दुसऱ्या नवऱ्याला भाषेत शब्दच नाही. म्हणून शोधक, हा धोका तुमच्या कधी लक्षातच आला नाही. टेलरवर माझा अजूनही संशय आहे."

शोधक पायाखालच्या फरशीकडे बघत होते. वहिनींनी चहाचे कप ठेवले, कोश आपल्याकडे ओढला आणि पानावर नजर फिरवली.

"भावजी, ‘सहल’च्या खाली मी पेन्सिलीने रेघ मारली होती. ती कुठे गेली?"

तराजूरावांनी शोधकांकडे पाहिलं.

"रेघ होती," शोधक म्हणाले. "कोशावर कुणी रेघोट्या मारलेल्या बऱ्या दिसत नाहीत. मी खोडली."

"आणि त्या पुस्तिकेचं पान मी दुमडून ठेवलं होतं?"

"सरळ केलं. वर दोन दिवस इस्त्री ठेवली होती."

वहिनींनी कपाटातून पुस्तिका काढली. एका प्रवास कंपनीची. शोधकांना अजूनही अधूनमधून असं किरकोळ काम मिळे, आणि अशा वेळी रीत ठरलेली होती. वहिनी मूळ मजकूर मोठ्याने वाचत आणि शोधक छापील पानावर डोळा ठेवून चुका टिपत. ही पुस्तिका दोघांनी मिळून तीनदा वाचली होती.

"पान अकरावर काय आहे?" वहिनींनी विचारलं.

"दोन वेलांट्या आणि एक अनुस्वार," शोधक क्षणात म्हणाले. "तिसऱ्या ओळीत पूर्णविराम पडला होता."

"आणि लिहिलंय काय?"

 शोधकांना खरंच ठाऊक नव्हतं. पुस्तिका त्यांच्यापुढे सरकली आणि ते पान त्यांनी पहिल्यांदा वाचलं. शीर्षक होतं ‘दोघांसाठी शहर’. बुटीक हॉटेल म्हणजे मोजक्याच, निगुतीने सजवलेल्या खोल्यांचं छोटं हॉटेल, असं तिथे समजावून सांगितलं होतं. नदीकडची खोली आधी राखून ठेवावी. पान बारावर फाइन डायनिंग: निवांत, एकामागून एक येणारं जेवण, टेबल शक्यतो खिडकीजवळचं.

"‘नदीकडच्या खोलीत दोघांनी’ हे मी दोनदा वाचलं," वहिनी म्हणाल्या. "दुसऱ्यांदा जरा सावकाश."

"वेग कमी झाला होता," शोधक म्हणाले. "मला वाटलं, तुझा चष्मा बदलायला झालाय."

तराजूराव खिशातला काटा चाचपत खिडकीबाहेर बघू लागले.

मग वहिनींनी राहिलेलंही सांगितलं, फार आवाज न चढवता. एकदा तरी शोधकांनी आपणहून विचारावं, म्हणून एवढ्या खुणा पेरल्या. सगळ्या खुणांची त्यांनी साफसफाई केली. आता खोली आणि टेबल दोन्ही सांगून ठेवलंय. धाकटी बहीण यायला तयार आहे, तिची बॅगही भरून झालीय. तिला आज सात वाजेपर्यंत नक्की कळवायचंय.

"मग दुसरं कोण, ते तुम्हीच सांगा," त्या म्हणाल्या. "का टेलरला विचारू?"

शोधकांना पुष्कळ काही बोलायचं होतं. मधमाश्यांबद्दल माफी मागायची होती. निळ्या रंगाबद्दल एक वाक्य त्यांनी कालपासून जुळवून ठेवलं होतं.  पण शेवटी त्यांनी खिशातून लाल पेन्सिलच काढली आणि चिठ्ठी ओढून घेतली. ‘दुसरं’वरचा अनुस्वार त्यांनी खोडला आणि काना दिला. ‘कोण?’ प्रश्नचिन्हासकट काढून टाकलं. समासात खूण करून लिहिलं, ‘मी’. मग चिठ्ठी पुन्हा पहिल्यापासून वाचली. या वेळी अर्थासकट. आणि खाली नेहमीचा शब्द लिहून सही केली.

वहिनींनी चिठ्ठी हातात घेतली आणि मोठ्याने वाचली. "दोघं. दुसरा मी." मग सहीवरचा शब्दही वाचला. "छापा."

तराजूराव ताडकन उभे राहिले. "छापा? कुठे घालायचाय?"

आपल्या वहीत त्यांनी प्रकरण निकाली निघाल्याची नोंद केली. आरोपीने लेखी कबुली दिली, असं खाली लिहिलं. धाकट्या बहिणीने बॅग रिकामी केली आणि पुढचे आठ दिवस ती कुणाशी बोलली नाही.

शनिवारी रात्री आठला खिडकीजवळच्या टेबलावर शोधक आणि वहिनी समोरासमोर बसले. खाली नदी होती. निळा ड्रेस कमरेत थोडा सैल झाला होता, अंदाजे दोन सेंटिमीटर. वेटरने जाड कागदावर छापलेला मेनू दोघांपुढे ठेवला. तिसऱ्या ओळीवर शोधकांची नजर अडकली. तिथे छापलं होतं: ‘लिंबाच्या रसात मुरवून भाजलेली माशी’.

त्यांचा हात खिशाकडे गेला. खिशात लाल पेन्सिल होती. वहिनी मेनूच्या कडेवरून त्यांच्याकडे बघत होत्या.

शोधकांनी हात बाहेर काढून टेबलावर ठेवला. "निळा रंग तुला शोभतो," ते म्हणाले. मग वेटरला बोलावून त्यांनी तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं आणि जे छापलं होतं ते स्पष्ट उच्चारात, दोघांसाठी मागवलं.