दोनदा दिसलेली पापणी

कॅमेरा तुम्ही बनवलात. आतलं शटर तुम्ही बसवलंत. उघडता-मिटताना ते कॅमेऱ्यालाच धक्का देतं, हेही तुम्हाला ठाऊक होतं. कारण माहितीपुस्तिकेत, पट्टा कसा अडकवावा याच्या खाली, बारीक अक्षरांत तुम्हीच छापलंत, ‘शटरच्या हादऱ्याने चित्र किंचित पुसट येऊ शकते.’ किंचित म्हणजे किती, हे लिहायला मात्र तुमचा हात दुखला. आणि ती ओळ वाचली कुणी, तर एका चष्मेवाल्याने.

या माणसाचा जन्म पुसटपणाशी भांडण्यात गेला होता. दिवसभर दुकानात गिऱ्हाइकाच्या नाकावर काचा बदलायच्या आणि विचारायचं, “आता? आणि आता?” घरीही तेच. बायकोने नवा पडदा लावला, की हा आधी जवळ जाऊन वीण तपासणार.

त्याच्या आईच्या कानाखाली गाठ आली होती. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन. डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं, की गाठ निघेल, पण चेहऱ्याची नस तिला चिकटलीय. एका बाजूचं हसू बहुधा जाईल आणि परत येणार नाही. आईने आरशात बघून दोन्ही गाल चाचपले. मग म्हणाली, “माझा एक हसताना फोटो काढून ठेव. अख्ख्या तोंडाचा.”

दुपारी तिला खिडकीपाशी बसवलं. सून केस नीट करता करता म्हणाली, “आई, ह्यांनी लग्नात माझ्याकडे बघितलं नसेल एवढं आज तुमच्याकडे बघताहेत.”

आई खळखळून हसली. कॅमेरा खट्‌ वाजला.

चष्मेवाल्याने फोटो कॅमेऱ्याच्या पडद्यावर मोठा केला, आणखी मोठा केला. एक पापणी दोन ठिकाणी दिसत होती.

“हललं,” तो म्हणाला.

“कोण हललं?” बायकोने विचारलं.

“शटर.”

“अहो, छान आलाय की.”

“तुला नंबर लागलाय. दुकानात ये उद्या.” आणि काचेवरचा डाग पुसावा तसा त्याने तो फोटो पुसून टाकला.

मग तिपाई आली. तिपाई हलू नये म्हणून तिला इस्त्री टांगली. बोटाचा धक्का नको म्हणून टायमर लावला. टायमर टुकटुक करायचा, तोवर आईचं हसू विझायचं, मग खट्‌.

“आई, जरा टिकवून धर ना.”

“हसू आहे रे. बटाटे नाहीत साठवून ठेवायला.”

तरीही पापणी दुहेरीच. आता त्याला जमिनीचा संशय आला. फ्रिज बंद केला. पंखा बंद केला. वरून घरघर येत होती, म्हणून बायकोला वर पिटाळलं. वरच्या मजल्यावरच्या वहिनी ओल्या हातांनी खाली आल्या.

“मशीन थांबवलंय, पण कपडे साबणात आहेत हो. एवढा कसला फोटो?”

“माझ्या तोंडाचा,” आई म्हणाली. “उद्यापासून अर्धं दुकान बंद.”

वहिनींना हसावं की नाही कळेना. त्या धीर द्यायला पुढे निघाल्या, तोच चष्मेवाला म्हणाला, “वहिनी, चालू नका. जमीन हलते.”

“म्हणजे माझ्या वजनाने?”

“तुमच्या नाही, कुणाच्याही.”

“कुणाच्याही हलते, मग मलाच कशाला सांगताय?”

त्यांची समजूत घालण्यात ऊन उतरलं. उजेड कमी, म्हणजे शटर जास्त वेळ उघडं, म्हणजे धक्का लागायला जास्त वाव. पंख्याविना आई घामाने भिजली होती. शेवटी त्याने सगळ्यांना श्वास रोखायला लावला. खट्‌.

असा फोटो त्याने आजवर काढला नव्हता. पापण्या मोजून घ्याव्यात. कानाच्या पाळीचं भोकसुद्धा स्वच्छ. आणि उशिरा आलेल्या प्लंबरकडे बघावं तशी आई त्याच्याकडे बघत होती.

“आई, आता फक्त हस.”

“दमले रे. उद्या बघू,” ती म्हणून गेली. मग तिलाच उद्याचं आठवलं. वहिनी कपडे पिळायला निघून गेल्या, त्याही चवड्यांवर.

ऑपरेशन चांगलं झालं. डॉक्टरांचंही खरं झालं. टाके निघाल्यावर आईने त्याला हाक मारली. “आण तुझा कॅमेरा. हा गाल आता हलतच नाही. निदान अर्धी तरी मी शार्प येईन.” आणि ती हसली, उरलेल्या बाजूने. सून काहीतरी आणायला म्हणून आत गेली आणि बराच वेळ आतच राहिली.

चष्मेवाल्याने तुमच्या कंपनीला फोन लावला. तिकडची मुलगी गोड बोलली. “सर, मेनूमध्ये एक पर्याय आहे. तो निवडलात तर शटर हलतच नाही. चालू केला होतात का?”

त्याने मेनू उघडला. पर्याय तिथे होता, बंद. मग म्हणाला, “एक फोटो पुसलाय. परत मिळेल?”

“त्यानंतर त्याच कार्डावर आणखी काढलेत, सर?”

“हो.”

“खूप?”

“आई दमेपर्यंत.”

“मग कठीण आहे, सर. आमच्या सेवेला किती गुण द्याल?”

गुण राहू द्या. त्या मुलीला मधे घालू नका, तिचा काही दोष नाही. तुम्ही स्वतः बोला. शटर न हलवता फोटो निघत होता, तर तो पर्याय कॅमेरा विकतानाच चालू करून का दिला नाहीत? त्याच्या आईला समोर बसवून सांगा. ती ऐकायला तयार आहे.