हाताला सोसेल इतकं

"टेबलावरच्या थर्माकोलच्या डब्याला कुणी हात लावायचा नाही," सूनबाईंनी रविवारी सकाळीच घराला दम भरला. "झाकण उघडायचं नाही. आत गरम पाणी आहे, ते आपलं आपण निवू द्या."

प्रयोगशाळेतलं हळूहळू गार करणारं यंत्र ऐन वेळी बंद पडलं होतं, म्हणून ही घरगुती तजवीज. पाण्यात एक घट्ट बंद नळी, नळीत आरएनएचे धागे. पाणी हळूहळू निवलं की ते ठरल्या जागी एकमेकांना धरतात आणि डोळ्यांना न दिसणारी चौकोनी पेटी तयार होते. कागदावर तर हमखास होत होती. प्रत्यक्षात दर वेळी नुसता गुंता व्हायचा. आता आरएनए उरलं होतं ते एवढंच, आणि सोमवारी पेटी दिसली नाही तर प्रयोगशाळेचे सर काम गुंडाळणार होते.

सूनबाई टेबलाभोवती येरझारा घालत होत्या. बसल्या की उठत, उठल्या की डब्याला कान लावत.

"तू जरा बाहेर जाऊन ये," नवरा वैतागून म्हणाला. "तुझ्या धास्तीने ते पाणी निवायचंही विसरेल."

त्या भाजी घेऊन परतल्या, तर सासूबाई पदराला हात पुसत होत्या.

"अगं, तुझं पाणी पार गार झालं होतं. मी बदललं. मघाशी एकदा, आत्ता एकदा. उकळतं नाही हो, हाताला सोसेल इतकंच."

"आई, ते गार व्हायलाच ठेवलं होतं."

"गार करायचं होतं तर तापवलंस कशाला?"

सूनबाईंना रडूच कोसळलं. सासूबाईंचा चेहरा एवढासा झाला. त्या दिवशी घरात कुणी धड जेवलं नाही.

सोमवारी सूनबाईंनी मन घट्ट करून नमुना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. पडद्यावर पेट्याच पेट्या होत्या, कोपऱ्यांसकट.

"चुकीचे अडकलेले धागे पुन्हा ऊब मिळाल्यावर सुटले आणि नीट बसले असणार," पाणी दोनदा बदललं गेल्याचं ऐकून सर खूश होऊन म्हणाले. "पाणी किती गरम होतं?"

"हाताला सोसेल इतकं."

"कुणाच्या?"

सूनबाईंनी घरी फोन लावला. "आई, उद्या माझ्या प्रयोगशाळेत याल का? पाणी बदलायला."



"येईन की," सासूबाई म्हणाल्या. "पण डब्याला कुणी हात लावायचा नाही, हे तुझ्या सरांना आधीच सांगून ठेव."