दौलू गवा आणि टिटवीचं उरलेलं अंडं

एका जंगलात कबड्डीचं भारी वेड होतं. हो हो, जंगलातच. हसू नका, बाळांनो. तुमच्या घरी जे चालतं ते जंगलात चालायला काय हरकत आहे?

त्या जंगलाच्या संघात दौलू नावाचा गवा होता. हा एवढा थोरला! तो चढाईला गेला की समोरचे सगळे एकमेकांच्या मागे लपायला बघायचे. दौलू दोघा-तिघांना सहज शिंग लावून परत यायचा, आणि मग आठवडाभर जंगलात दुसरा विषय नसायचा.

नामू नावाच्या सशाने तर 'दौलूदादा प्रेमी मंडळ' काढलं होतं. नामू स्वतः कधी खेळला नाही, त्याला धाप लागायची. पण डोक्याला दोन वाकड्या काटक्या बांधून तो सगळ्यांच्या पुढे बसायचा. मंडळाची माणसं, म्हणजे जनावरं, दौलूच्या खुराखालची माती कपाळाला लावायची. सशाला शिंगं आणि माकडाला टिळा! काय ध्यान दिसत असेल एकेक, विचार करा.

आता त्या जंगलातला एक रिवाज सांगतो, तो नीट ऐका. ज्याने कुणाचं वाईट केलं असेल त्याने पाणवठ्याला तोंड लावायचं नाही. ज्याचं वाईट झालं असेल त्याने काठावरच्या काळ्या खडकावर उभं राहून मोठ्याने म्हणायचं, "माझं काही म्हणणं नाही." मगच त्या गुन्हेगाराला पाणी खुलं. हे सगळं बघायला एक म्हातारं कासव होतं. त्याला सगळे पाटीलकाका म्हणत.

एका संध्याकाळी दौलूने सामना मारला आणि त्या आनंदात मोहाची आंबलेली फुलं पोटभर चापली. झिंगत झिंगत तो माळावरून निघाला. माळावर सगुणा टिटवी अंडी उबवत होती. टिटवी झाडावर घरटं बांधत नाही, हे तुम्हाला ठाऊक असेल. चार खडे गोळा करते, त्यात अंडी घालते आणि कोणी जवळ आलं की जिवाच्या आकांताने ओरडते. तशी ती ओरडली.

दौलू थांबला. त्याने खाली पाहिलं. अंडी त्याला दिसली. "काय कटकट आहे!" असं म्हणून त्याने मुद्दाम पाय दिला. एक फुटलं. मग दुसरं, मग तिसरं. चौथं दगडाच्या खबदाडीत घरंगळलं म्हणून वाचलं. दौलू हसत निघून गेला.

कोण हसलं रे तिकडे? ज्याला यात गंमत वाटली असेल त्याने बाहेर जाऊन बसावं.

सकाळी सगुणा कासवाकडे गेली. रडून रडून तिचा घसा बसला होता.

"पाटीलकाका, माझी तीन पोरं गेली हो."

कासवाने मान आत घेतली. जरा वेळाने बाहेर काढली. "वाईट झालं. फार वाईट झालं. पण सगुणा, परवा पलीकडच्या रानाशी अंतिम सामना आहे."

"मग मी काय करू, काका?"

"काही नाही, मी आपलं सांगितलं." कासवाने उसासा टाकला. पण रिवाज मोडायची त्याची छाती नव्हती. दौलूचं पाणी बंद झालं.

झालं! सगळं जंगल उठलं. दौलूवर नाही हो, टिटवीवर.

नामू मंडळाला घेऊन माळावर आला. "सगुणाताई, अंडी काय, पुन्हा घालता येतात. करंडक पुन्हा येतो का?"

"ही दौलूदादांची रोजची वाट," हत्ती म्हणाला. "वाटेवर अंडी घालायची कुणी सांगितली होती?"

"आणि वर ओरडली! ओरडली म्हणून तर दादांचं डोकं फिरलं."

पोटाशी पिल्लू धरलेली एक माकडीण पुढे आली. "मी पण आई आहे हो. पण एवढा बाऊ कुणी करतं का?"

संध्याकाळी कोल्ह्यांनी सूर धरला, "टिटवी खोटारडी! टिटवी खोटारडी!" एकाने ओरडायचं आणि बाकीच्यांनी तोच सूर ओढायचा, ही त्यांची पद्धत. पहिल्याला विचारलं तर म्हणाला, दुसऱ्याकडून कळलं.

दौलूनेही तोंड उघडलं. म्हणाला, "माझ्याकडून कुणाच्या भावना दुखावल्या असतील, तर मला वाईट वाटतं." वा रे पठ्ठ्या! फुटली अंडी, आणि हा भावनांची चौकशी करतोय. पण मंडळाच्या डोळ्यांत पाणी आलं. "बघा, केवढं मोठं मन!"

सगुणा मात्र जागची हलली नाही. "मी खडकावर येणार नाही," ती म्हणाली. "माझं हे एवढं एकच उरलंय. त्याच्यावर मला बसू द्या. दुसरं काही मागत नाही मी."

सामना उद्यावर आला. तहानेने दौलूची जीभ बाहेर आली. तेव्हा नामूच्या डोक्यात, काटक्यांच्या बरोबर मधोमध, एक कल्पना निघाली.

"पाटीलकाका, दादांनी पाणवठ्यावर जायचं नाही. पण पाणी दादांकडे गेलं तर?"

कासवाने पुष्कळ विचार केला, किंवा तसं दाखवलं. "रिवाजात त्याबद्दल काही सांगितलेलं नाही," ते म्हणालं.

मग काय विचारता! पाणवठ्यापासून दौलूपर्यंत रांग लागली. हत्तीने सोंडभर पाणी नेलं. माकडांनी ओंजळी नेल्या. नामूने दोन्ही गाल फुगवून नेलं आणि वाटेत निम्मं स्वतःच गिळलं. रांग सगुणाच्या माळावरूनच जात होती. तोंडात पाणी असल्यामुळे कुणाला तिला बोलता येईना. तेवढाच काय तो तिला निवांतपणा मिळाला.

सामना सुरू झाला. शेवटपर्यंत दोन्ही संघ बरोबरीत. शेवटची चढाई दौलूची. त्याने दोघांना शिंग लावलं आणि तो परत फिरला. मधली रेघ हातभर उरली होती. तेवढ्यात मंडळाने "दौलूदादा! दौलूदादा!" असा गजर केला. दौलूला राहवेना. तो तिथेच थांबला आणि मंडळाकडे बघून ऐटीत मान हलवू लागला. मागून पलीकडच्या रानातल्या अस्वलाने त्याच्या कमरेला मिठी मारली. दौलूचा दम सुटला. सामना गेला.

मग नामूने डोक्याच्या काटक्या उपटल्या आणि तो किंचाळला, "अंडीफोड्या!"

बघा बाळांनो, अंडी फुटल्याला तीन दिवस झाले होते, पण जंगलाला ती आत्ता दिसली.

"तीन कोवळे जीव!" माकडीण छाती बडवू लागली. "मी पण आई आहे!"

"असल्याला पाणी तरी कुणी दिलं?" हत्ती म्हणाला.

"तूच नेलंस की सोंड भरून!"

"मी? मी चूळ भरायला गेलो होतो."

कोल्ह्यांचा सूर बदलला. "सगुणाताईंना न्याय द्या!" सगळ्या जंगलाने तो उचलून धरला. दौलू केव्हाच गर्द झाडीत निघून गेला होता. त्याच्या मागे जायला कोणी धजावलं नाही. हरला तरी गवाच तो. मग एवढा संताप जिरवायचा कुठे? त्यांनी मिरवणूक काढली. सगुणाताईंचा जाहीर सत्कार करायचा ठरलं.

इकडे माळावर सगुणाने खबदाडीतलं अंडं हळूच पुन्हा खड्यांत घेतलं होतं. आतून चोच लागत होती, टक, टक. ती कान देऊन ऐकत होती. आज उद्याकडे पिल्लू बाहेर येणार होतं. इतक्यात तिला धुरळा दिसला.

ती उडाली. डोक्यावरून घिरट्या घालत ओरडू लागली, "थांबा! अहो थांबा! खाली बघा!"

"ताईंना गहिवरून आलंय," नामू म्हणाला. "ताई घोषणा देताहेत. अरे, जोरात म्हणा की!"

"न्याय द्या! न्याय द्या!"

"खाली बघा हो! माझं पोर आहे खाली!"

कोण ऐकतंय? सगळं जंगल माळभर नाचलं. फुलं उधळली. नामूने भाषण ठोकलं, त्यात 'माय-माऊली' हा शब्द पुष्कळदा आला. भाषण संपल्यावर त्याला पायाला काहीतरी ओलं लागलं. त्याने खाली पाहिलं. मग हत्तीने आपला पाय उचलून पाहिला. माकडिणीने तर पाहिलंच नाही, पिल्लाला घट्ट धरून ती मागे मागे सरकली.

सगुणा खाली उतरली. टरफलापाशी बसली. ओरडली नाही.

ओरडून ओरडून सगळ्यांच्या घशाला कोरड पडली होती. आणि मग एकेकाच्या ध्यानात आलं, की आता पाणवठा आपल्याला बंद.

"ताई," नामू कान पाडून म्हणाला, "गर्दी होती हो. आम्ही तुमच्यासाठीच आलो होतो. तेवढं खडकावर येऊन म्हटलंत तर..."

सगुणाने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मिरवणुकीच्या शेपटाला येत असलेलं कासव तेवढ्यात पोचलं. सगळे त्याच्याभोवती जमले. कासवाने मान आत घेतली. तहान त्यालाही लागली होती, त्यामुळे मान लवकर बाहेर आली.

"दौलूने पहिली तीन फोडली नसती, तर आज आपण इथे आलो असतो का?"

"नाही!"

"मग हे चौथंही दौलूनेच फोडलं."

"न्याय झाला! न्याय झाला!" सगळे आनंदाने ओरडले आणि पाणवठ्याकडे पळाले. पोटभर पाणी प्यायले. पिता पिता हत्ती म्हणाला, की दौलूचा धाकटा भाऊ म्हणे यंदा चढाई शिकतोय, आणि काय दम आहे त्याचा! नामू लगेच त्याच्याजवळ सरकून बसला.

सगुणा नदी ओलांडून कुठे गेली ते कुणाला माहीत नाही. कुणी विचारलंही नाही.

तात्पर्य : अंडी खुशाल फोडावीत, पण सामना हरू नये. आणि ज्यांची अंडी फुटतात त्यांनी एवढं ध्यानात ठेवावं, की सगळं जंगल आपल्याविरुद्ध असतं तेव्हा एखादं अंडं तरी वाचतं. तेच जंगल आपल्या बाजूने येताना दिसलं, की अंडं काखोटीला मारून पळत सुटावं.