हनुवटीखालचं लिंबू

यंदा आंब्याला मोहर आला तेव्हापासून आमच्या शेजारचे मल्लिकार्जुनअप्पा हनुवटीखाली लिंबू धरून फिरायला लागले. दूध आणायला निघाले तरी लिंबू, गच्चीवर कपडे वाळत घालतानाही लिंबू. कोणी नमस्कार केला तर मान न हलवता नुसते डोळे मिटून उत्तर देत. गल्लीला आधी वाटलं, मान धरली. मग वाटलं, नवस असेल. एकीने तर नांदेडच्या कोण्या हाडवैद्याचा पत्ता आणून दिला. खरं कारण फक्त मला माहीत होतं. अप्पा गोल्फ शिकत होते.

लातुरात गोल्फ. आमच्याकडं हिरवळ बघायची तर कोथिंबिरीची जुडी सोडावी लागते.

अप्पांचं कापडाचं दुकान आता पुतण्या बघतो. बायको सुमनबाई जाऊन दोन वर्षं झाली. लेक शशी हैदराबादला नोकरीला. घरात अप्पा आणि त्यांची काळजी, अशी दोघंच. "टेन्शन काही न्हाई, पण" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्या 'पण'च्या पुढं जे येतं त्यानं ऐकणाऱ्याला टेन्शन येतं. "टेन्शन काही न्हाई आक्का, पण मी गॅस बंद केलाय का?" हे ते घर सोडून पार औशाच्या स्टँडवर उतरल्यावर मला फोन करून विचारतात.

सुमनबाई होत्या तोवर शशीचा फोन त्याच घ्यायच्या. अप्पा शेजारी बसून प्रश्न पुरवायचे, "इचार त्याला, पाऊस हाय का तिकडं." त्या गेल्या आणि फोन सरळ अप्पांच्या हातात आला. बापलेक दोघंही अडकले. "जेवलात?" "जेवलो. तू?" "जेवलो." "बरं." संपलं. आमच्या काळी तार यायची, ती याच्यापेक्षा लांब असायची.

एका रविवारी मात्र शशीने सहज सांगितलं की त्यानं ऑफिसातल्या लोकांबरोबर गोल्फ सुरू केलाय, पण पहिला लांब फटका, ज्याला ड्राइव्ह म्हणतात, तो काही जमत नाही. आणि तो बोलतच राहिला. दांडा कसा धरायचा, कंबर कशी वळवायची. अप्पा फोन कानाला दाबून उभे. शेवटी, बोलणं संपेल या भीतीनं बोलून गेले, "मीपण शिकून राहिलो की."

"खरंच अप्पा? मग पाडव्याला येतो तेव्हा मारून दाखवा."

फोन ठेवून अप्पा घामाघूम होऊन माझ्या दारात आले. "टेन्शन काही न्हाई आक्का, पण गोल्फ म्हंजे काय असतंय?"

त्यांनी कुणाकडून तरी एक जुना दांडा आणि थोडे चेंडू मागवले. गल्लीमागच्या मोकळ्या प्लॉटवर, बाटलीच्या झाकणावर चेंडू ठेवून सराव सुरू झाला. शिकवायला मोबाईलमधला एक हिंदी बोलणारा बाबा. तो एकच सांगायचा, मान खाली ठेवा, चेंडू गेला तरी वर बघू नका. आणि अप्पांना तेच जमेना. फटका लागायच्या आधीच मान वर. "कोणाच्या काचेला लागला तर? म्हशीला लागला तर?" म्हणून ते लिंबू. मान वर झाली की लिंबू खाली. पडलेल्या लिंबांचं मी लोणचं घातलं.

दुसरी भानगड हाताची. दांडा चेंडूपाशी येऊन गपकन थांबायचा. "जन्मभर कापड मोजलंय आक्का. मीटर भरला की हात पुढं जातच न्हाई."

मला हसायचा काय अधिकार म्हणा. लग्न होऊन नांदेडला गेले तेव्हा मी लुना शिकले. यजमान मागून धरून पळत होते आणि मी दर क्षणाला मागं वळून बघत होते, धरलंय का सोडलंय. अशी बघत बघत थेट रसवंतीत शिरले. मालक शांतपणे म्हणाला, "बर्फ टाकू का?" आणि मी तेव्हा गावभर स्वतःला लई धीट म्हणवून घेत होते.

पाडवा जवळ आला तसं अप्पांचं जेवण तुटलं. "आक्का, हे जमलं न्हाई तर पुन्हा जेवलात का, जेवलो, यावर यावं लागंल," एकदा लिंबू खिशात ठेवून म्हणाले. "त्याला सांगायजोगं माझ्याकडं दुसरं काहीच न्हाई हो."

शशी आला. श्रीखंड-पुरी झाली आणि ऊन कलल्यावर आम्ही तिघं प्लॉटवर गेलो. मला चेंडूवर लक्ष ठेवायला नेलं होतं.

अप्पांनी दांडा उचलला. पहिल्या वेळी झाकण उडालं आणि चेंडू जागेवरच टपकला. दुसऱ्यांदा तो चार पावलं गडगडत गेला. एका कुत्र्यानं त्याचा वास घेतला आणि निघून गेलं. अप्पांनी दांडा जमिनीला टेकवला.

"शशी, टेन्शन काही न्हाई, पण..." आणि पुढं काही येईना.

"कामून थांबलात?" शशी म्हणाला. "मलापण कुठं येतंय. मागच्या खेपेला माझ्या हातातून दांडाच सुटला. साहेबाच्या पायाशी जाऊन पडला."

"मग? काय म्हणाला साहेब?"

"म्हणाला, चेंडूपेक्षा हाच लांब गेला."

अप्पा हसले. शशीनं चेंडू पुन्हा झाकणावर ठेवला, चेंडूची वाट सोडून अप्पांसमोर उभा राहिला आणि हात लांब करून पंजा अप्पांच्या डोक्यावर ठेवला. "मान मी धरतो. तुम्ही मारा."

अप्पांनी दांडा फिरवला. या वेळी हात मीटरच्या पुढं गेला. टाळी वाजल्यासारखा आवाज झाला आणि चेंडू उडाला. लई लांब नाही, पण बाभळीच्या शेंड्यावरून गेला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

सांगायला वळले, तर शशीनं हात काढलेला नव्हता. आणि अप्पा खाली मातीकडे बघत, तसेच वाकून उभे होते. मी चेंडू शोधायला बाभळीकडं निघाले.