स्थिरलक्ष्मीची लादी

"नळ तुझे, कड्या तुझ्या, किचनचा ओटा तुझा, खिडक्या-जनेलांचे रंगसुद्धा तुझे. पण हॉलची लादी माझी!"

म्हापशाच्या टाइल्सच्या दुकानात चार गिऱ्हाइकांच्या देखत शिवदासने असं जाहीर केलं आणि सुमंगला गप्प बसली. बायको गप्प बसली म्हणजे तिला पटलं, असं शिवदास समजत असे. लग्नाला एवढी वर्षं झाली तरी हा गैरसमज त्याने जिवापाड जपला होता.

तसं पाहिलं तर त्याचंही चुकत नव्हतं. पाळी गावच्या लोखंडाच्या खाणीवर तो कारकून. उभा संसार त्याने खाणीवरच्या क्वार्टरमध्ये काढला होता. तिथे सकाळी पांढरा असलेला शर्ट संध्याकाळी तांबडा होई, दोरीवरचे कपडे तांबडे, भाताच्या पेजेवर तांबडी साय. क्वार्टरची जमीन मुळात कुठल्या रंगाची आहे, हे खाणीवर कुणालाच ठाऊक नव्हतं. आता धारगळला, बापाच्या जमिनीत, स्वतःचं घर उभं राहत होतं. त्या घरात पाय टाकला की खालची लादी अशी लखलखली पाहिजे की जन्मभराची धूळ फिटावी, एवढंच त्याचं मागणं होतं.

दुकानदाराने माणूस बरोबर ओळखला. त्याने एक मोठी, दुधासारखी पांढरी लादी भिंतीला टेकवून उभी केली. "दादा, दाढी करूक आरसो नको. ह्या लादीवर बसा नि करा."

शिवदासने वाकून पाहिलं. लादीतला शिवदास त्याला खऱ्यापेक्षा बरा दिसला. व्यवहार तिथेच संपला.

सुमंगलेने तरी एक खरखरीत, करड्या रंगाची लादी हातात धरून ठेवली होती. "ही बघा. पावसात आंगणातसून ओल्या पायांनी आत येवचा लागता. आईंचे गुडघे असे. त्या गुळगुळीत लादीवर पडल्यो तर काय करतल्यात?"

"ती लादी न्हाणीघरात घाल. हॉलमध्ये माणसं येतली, माणसं!"

सुमंगला गप्प बसली.

लादी बसली, पॉलिश झालं आणि पहिल्याच संध्याकाळी शिवदास मोजे घालून हॉलमध्ये शिरला. दुसऱ्या क्षणी तो आडवा होता. आवाज ऐकून सुमंगला धावत आली.

"काय झाला?"

"काय नाय. बसून बघतंय, खालून कशी दिसता ती."

"झोपून?"

"झोपून अधिक बरी दिसता."

वास्तुशांतीचा दिवस उजाडला. दारात आंब्याच्या पानांचा टाळ, अंगणात मांडव, मांडवात पाहुणे. खाणीवरून कृष्णनाथ आला होता. तो दगड फोडायच्या क्रशरवर फोरमन आणि शिवदासचा जुना दोस्त. घरात पहिलं पाऊल गायीचं पडायला हवं म्हणून शेजारच्या सरस्वतीकाकीची मोगरी आणली होती, वासरासकट. शिंगांना रंग, गळ्यात झेंडूची माळ. मोगरीसारखी गरीब गाय धारगळात दुसरी नव्हती.

शांतारामभटजींनी मंत्र सुरू केले. मोगरी उंबऱ्याशी आली, तिने मान खाली घातली आणि ती जागच्या जागी थिजली. समोर जमिनीखालून दुसरी एक गाय झेंडूची माळ घालून तिच्याकडे डोळे वटारून बघत होती.

"चल गो बाय," सरस्वतीकाकी म्हणाली. मोगरी फुसफुसली. खालची गायही फुसफुसली. "अगो बाय! हिका भुंयत दुसरी गाय दिसता! माझी मोगरी अशी कधी करणा नाय. कसली ही लादी घातलास रे शिवदासा?"

"मुहूर्त चाललाय," भटजी घड्याळ बघत म्हणाले. "काही तरी अंथरा."

शिवदासने मागच्या मांगरातल्या अडगळीतून गोणपाटं आणली आणि आत पसरली. दुसरी गाय दिसेनाशी झाली. मोगरीला धीर आला. तिने एक पाय गोणपाटावर ठेवला, दुसरा ठेवला, मागून कृष्णनाथने हलकेच ढकललं आणि गोणपाट निघालं. मोगरीही त्याच्याबरोबर निघाली. पाय न हलवता, मान ताठ ठेवून, होडीत बसल्यासारखी ती हॉलभर वाहत गेली आणि बरोबर मधोमध थांबली. तिथे तिने चारी दिशांना पाहिलं, चारही पाय एकेक करून पोटाखाली घेतले आणि ती बसली.

"आत आली का? आली. प्रवेश झाला," भटजी म्हणाले. "आता बाहेर न्या तिला. होम तिथेच मांडायचाय."

मोगरी उठेना. हिरवा चारा दाखवला, तिने बसूनच खाल्ला. गूळ दिला, तोही खाल्ला. शेपटी पिरगळायला कृष्णनाथ पुढे झाला, तेव्हा सरस्वतीकाकीने त्याला असा दम भरला की तो मांडवापर्यंत मागे गेला. चौघांनी मिळून उचलायचं ठरवलं, तर चौघांपैकी दोघे घसरून मोगरीच्या शेजारीच बसले.

तेव्हा होम बाल्कांवात, दारापुढच्या ओसरीवर, मांडला. बाल्कांवातला धूर हॉलमध्ये शिरला आणि पाहुणे खोकत अंगणात गेले. पंगत हॉलमध्ये मांडायची होती, ती मांडवात गेली. मांडवात होत्या त्या खुर्च्या रस्त्यापर्यंत सरकल्या. हायवेवरून जाणारा एक ट्रक थांबला आणि ड्रायव्हरने लग्न कुणाचं म्हणून विचारलं.

शिवदासची आई आनंदीबाई तेवढी खुशीत होती. ती भिंत धरून धरून आत गेली, पाट घेऊन मोगरीजवळ बसली आणि तिला पुरणपोळी भरवू लागली.

"भटजीनू," ती म्हणाली, "ह्याचो अर्थ काय समजायचो?"

सगळे भटजींकडे बघू लागले. त्यांनी पंचा सावरला. धुराने त्यांचे डोळे लाल झाले होते, पोटात भूक होती आणि गाय घसरली असं म्हणणं त्यांच्या विद्येला शोभलं नसतं. "अर्थ सरळ आहे," ते म्हणाले. "आजवर शेकडो घरांत गाय आली आणि गेली. बसली कुठेच नव्हती. ही स्थिरलक्ष्मी!"

झालं. बायका कुंकवाचे करंडे घेऊन आत आल्या. घसरू नये म्हणून एकमेकींचे हात धरून त्यांनी मोगरीची ओटी भरली. जो येई तो आधी मोगरीच्या पाया पडे, मग तीर्थप्रसाद घेई. घराचे नळ, कड्या, ओटा कुणीही पाहिला नाही. शिवदास दारात उभा राहून हसत होता. हसतानाही त्याचा एक डोळा सुमंगलेवर होता, कारण सकाळपासून ती त्याच्याशी एक शब्दही बोलली नव्हती.

दुपार कलली तसा कृष्णनाथ पिकअप घेऊन पाळीला गेला आणि काळ्या रबराची भलीमोठी गुंडाळी घेऊन आला.

"क्रशरवरचो जुनो पट्टो. ह्याच्यावर दगड घसरणा नाय, गाय खंय घसरतली?"

पट्टा उंबऱ्यापासून मोगरीच्या पायांपर्यंत उलगडला. तेवढ्यात बाहेर वासरू हंबरलं. मोगरीने कान टवकारले, पुढचे खूर रबरावर रोवले, अंग उचललं आणि एखाद्या मंत्र्यासारखी, इकडेतिकडे न बघता, पट्ट्यावरून चालत बाहेर पडली. जाताना हॉलच्या मध्यावर शेणाचा पो तेवढा टाकून गेली. त्यालाही दोघींनी नमस्कार केला.

पुढचे काही दिवस बरे गेले नाहीत. सुमंगला जेवायला वाढी, पण बोलत नसे. एका सकाळी शिवदासने पाहिलं, आई देवघरात जायला निघाली होती. दोन्ही तळहात भिंतीवर, पाऊल इंच इंच पुढे, तोंडाने रामनाम. हौसेने बांधलेल्या घरात म्हातारी चोरासारखी चालत होती. त्याला चहा गोड लागेना. कप तसाच ठेवून त्याने म्हापशाची बस पकडली.

दुकानात ही गर्दी. शांतारामभटजी स्वतः गुडघ्यांवर बसून त्या पांढऱ्या लादीवरून हात फिरवत होते.

"आले! ह्यांच्याच घरात गाय बसली ती!" दुकानदार ओरडला. सगळे वळले. कुणी खुर्ची दिली, कुणी लिंबूसोडा मागवला.

"ही लादी घेव नकात," शिवदास कळवळून म्हणाला. "बसली कसली? गाय घसरली ती! मी सुद्धा पडलंय. मी बदलूक इलंय."

मग कोरगावचा एक गृहस्थ दुसऱ्याला म्हणाला, "बघितलास? आपल्याकडे लक्ष्मी बसली, आता दुसऱ्याकडे बसता कामा नये."

"शिवदास," भटजी हळूच म्हणाले, "एवढं मोठं घर बांधलंस, मनही थोडं मोठं ठेव."

लिंबूसोडा परत गेला. शिवदासने खरखरीत करड्या लादीचा नमुना काखेत मारला आणि तो घरी आला.

बाल्कांवात चपलांचा ढीग होता. आत कोरगावहून आलेल्या बायका बसल्या होत्या आणि हॉलच्या मधोमध रांगोळीचं मोठं वर्तुळ होतं. सुमंगला हात पसरून सांगत होती, "हंय तोंड होतां. हंय शेपूट. मी म्हटलंय ह्यांका, लादी घेवची तर हीच."

शिवदासने दारातूनच नमुना उंच धरला. "ही बघ. तुका व्हयी होती ती. उद्या माणसं येवन सगळा उखडतली."

सुमंगला उठून दाराशी आली. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदाच त्याच्याशी बोलली. "उखडतली? खुळे झाल्यात काय? स्थिरलक्ष्मी बसली ती लादी उखडतल्यात?"

"आणि आईचे गुडघे?"

"त्येंची सोय मी केलंय."

क्रशरचा काळा पट्टा भिंतीकडेने खोलीपासून देवघरापर्यंत अंथरला होता. आनंदीबाई फुलांची परडी घेऊन त्याच्यावरून तुरुतुरु चालत गेली. लेकाकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

शिवदासचा जीव भांड्यात पडला. चला, आई पडत नाही, बायको बोलते आहे, आणखी काय पाहिजे? पाणी प्यावं म्हणून त्याने स्वयंपाकघराच्या दिशेने पाऊल उचललं, आणि सगळ्या बायका एका सुरात ओरडल्या, "थंय पाय दिव नकात!"

तो एका पायावर थांबला. पुढे रांगोळी, एका बाजूला बायका, दुसऱ्या बाजूला पट्ट्यावरून परत येणारी आई.

"मागच्या दारातसून येवा," सुमंगला मायेने म्हणाली. "चाय ठेवतंय."

आपल्या नव्या घराला वळसा घालून शिवदास मागच्या दाराने आत शिरला. अजूनही तो त्याच दाराने शिरतो.